काही केलं नाही, एवढंच सांगा

पीएच.डी. झाल्यावर पुढे काय करावं, या विषयावर मी आजवर इतकं मार्गदर्शन घेतलं आहे की तेवढ्या वेळात माझी दुसरी पीएच.डी. झाली असती. पहिलं मार्गदर्शन विद्यापीठातच झालं. प्रबंध टायपिंगला गेला होता, आणि संशोधन करणाऱ्या सगळ्यांना एका कार्यशाळेला बसायची सक्ती झाली. वक्ते पुण्याहून आले होते. गोव्यातल्या मे महिन्यात टाय लावून उभे होते, बिचारे. सहाय्यक प्राध्यापकाची नोकरी म्हणजे एकच दार, म्हणाले, बाहेर किती दारं उघडी आहेत बघा! उद्योग आहेत, धोरणसंस्था आहेत, विज्ञानलेखन आहे. फक्त ओळखी वाढवा, आणि स्वतःचं काम थोडक्यात सांगायला शिका.

"समजा, तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात," ते म्हणाले, "आणि आत एका मोठ्या कंपनीचे संचालक उभे आहेत. वरचा मजला यायच्या आत तुमचं संशोधन त्यांना पटलं पाहिजे."

मी हात वर केला. "सर, आमच्या डिचोलीत लिफ्ट शोधायला लागेल. बसमध्ये चालेल का?"

सगळे हसले, पण त्यांनी ते मनावर घेतलं. चालेल म्हणाले, कौशल्य तेच. म्हणून त्याच संध्याकाळी मी घरी येताना बसमध्ये प्रयोग केला. शेजारी कुणी संचालक नव्हते, कंडक्टर होता. मी "खाणीच्या टाकाऊ मातीवर कुठली झाडं..." इथपर्यंत आले आणि तो म्हणाला, "बाय, मात्शें फाटीं सर." झालं, माझं करिअर जागच्या जागी मागे सरकलं.

तर माझं संशोधन ते. खाणीतून खनिज काढून झालं की उरलेल्या मातीचे डोंगर रचतात. त्या डोंगरांवर काय उगवतं, काय मरतं आणि का, हे मी बघत होते. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. दोडामार्गाकडून तरुणपणी इकडे आले, सुर्लाच्या खाणीवर लागले, आणि नदीवरच्या धक्क्यापर्यंत खनिज नेऊन ओतण्यात त्यांचं आयुष्य गेलं. म्हणजे बाबांनी डोंगर खाली नेला आणि मी मागे राहिलेल्या मातीत गवत शोधत बसले. एका घरातली दोन माणसं एकाच डोंगरावर पोट भरत होती, फरक एवढाच की बाबांचं भरत होतं.

बाबांचं करिअर मार्गदर्शन पुण्याच्या वक्त्यापेक्षा थोडक्यात असे. "इतकां शिकलंस, तेच्यापेक्षा एक ट्रक घेतलो असतो." आमच्या वाड्यावर त्या काळात ज्याच्या दारात ट्रक नाही तो माणूसच नव्हे. माझ्या वर्गातला, दहावीत नापास झालेला एक जण तेव्हा तीन ट्रकांचा मालक होता आणि मला रस्त्यात भेटला की फार मायेने विचारायचा, "अजून शिकतंस?" मी प्रबंधातले आलेख दाखवले असते तरी त्याला माझी दया आलीच असती.

पुढे मी पोस्टडॉक करायला बेंगळुरूला गेले. पोस्टडॉक म्हणजे काय हे गावात सांगणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड व्याख्यान. "पीएच.डी. झाली मगे? मग आणि कसलां शिकतंस? नापास झालंस?" आईने तो प्रश्नच निकालात काढला. "ती थंय कामाक आसता," एवढंच सांगायची आणि विषय पोळ्यांवर न्यायची. एका अर्थी आईचं खरं होतं. काम होतंच, नोकरी तेवढी नव्हती.

परत आले ती पेडण्याच्या बाजूच्या एका सरकारी महाविद्यालयात लागले. लागले म्हणजे 'लेक्चर बेसिस'वर. हा शब्द आमच्या गोव्यात सगळ्यांना कळतो, कारण घरटी एक माणूस त्यावर जगतो. तास घेतला तर पगार, सुट्टी पडली तर हरी हरी. चतुर्थीला महाविद्यालय बंद झालं की कायम झालेले शिक्षक गणपती आणायला पळायचे, आणि मी मनात गणपतीलाच विचारायची, "बाबा रे, दीड दिवसाचा येशील का?" पण एक सांगते, मला तिथे शिकवायला आवडायचं. खूप आवडायचं. पाऊस जरा ओसरला की मी मुलांना सड्यावर घेऊन जायची. वर्षभर काळा ठिक्कर पडलेला कातळ त्या दिवसांत निळ्या-पांढऱ्या इवल्या फुलांनी भरलेला असतो. मुलं गुडघ्यांवर बसून भिंगातून बघायची आणि पहिल्यांदाच गप्प व्हायची. ते गप्प होणं बघण्यासाठी मी दोन बसगाड्या बदलून जात होते. मला ते सोडायचं नव्हतं.

आणि मग त्याच महाविद्यालयात, त्याच विषयाची, कायम जागेची जाहिरात आली. जागा एकच. माझं वय असं की ही जाहिरात गेली तर पुढच्या जाहिरातीला मी वयाच्या अटीबाहेर. म्हणजे ही शेवटची. आता मिळाली तर मिळाली.

घरात युद्धाची तयारी सुरू झाली. आई ग्रामदेवीच्या देवळात जाऊन प्रसाद घेऊन आली. आमच्याकडे देवीच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पडली तर काम होणार. "उजवो दिल्यान गो!" आई दारातूनच ओरडली. टायवाल्या वक्त्यांपेक्षा देवी नेमकं बोलते, हे मी मान्य करते, आणि एका नारळावर भागते.

बाबांचा मात्र देवीवर एकटीवर भरवसा नव्हता. ते म्हणाले, आमदाराकडे जाऊया.

मी नको म्हटलं. भांडले. "माझे शोधनिबंध आहेत, अनुभव आहे, मला कुणाची शिफारस नको." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हँडब्रेक ओढून ट्रक चालवते आहे. "शिफारस नको तर नको," ते म्हणाले, "पण तोंड दाखवूक काय जाता? उद्या म्हणती, माका सांगूक सुद्धा येवक नाय."

गेलो. आमदारांच्या व्हरांड्यात सकाळीच प्लास्टिकच्या कदेली, म्हणजे खुर्च्या, भरलेल्या. कुणाच्या दारातला दिवा पेटत नव्हता, कुणाचा जावई पोलिसात लागायचा होता, कुणाला मोरी रुंद करून हवी होती. आमदार चहा पीत पीत सगळ्यांना एकच उत्तर देत होते, "जातलें," म्हणजे होईल. मोरीवाल्याला जातलें, जावयाला जातलें. आमचा नंबर आला तेव्हा बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून "चेडू, कॉलेजात..." एवढं म्हटलं आणि त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "जातलें. ट्रक कसो चलता?" बाबा म्हणाले, बरो चलता. संपलं. कुठलं कॉलेज, कसली जागा, माझं नाव काय, काहीही विचारलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ह्या भेटीचं जे काय झालं ते झालं.

मुलाखत झाली. छान झाली, उगाच विनय कशाला! सरकारी नोकरीला कोकणी यायला हवी, म्हणून एका सभासदांनी सड्यावरच्या वनस्पतींबद्दल कोकणीतून बोलायला सांगितलं. आमच्या घरची भाषा म्हणजे मालवणी, कोकणी आणि मराठीचं खतखतें. जी भाजी हाताला लागेल ती आत. मी सुरू झाले ती थांबलेच नाही. शेवटी तेच हात जोडून म्हणाले, "पुरो बाय, पुरो." सगळे हसत होते आणि मला कळलं की काम झालं.

महिन्याभराने महाविद्यालयातल्या कारकूनबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "यादीत पहिलं नाव तुमचं. ऑर्डर यायची आहे. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका." मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त आई-बाबांना सांगितलं. आईने कुणालाच सांगितलं नाही, फक्त शेजारच्या काकीला सांगितलं. बाबांनी कुणालाच सांगितलं नाही, फक्त ट्रकवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षकाकांना सांगितलं. आमच्या गावात गुपित ठेवायची हीच पद्धत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस तिठ्यावर वळली आणि मला मी दिसले. वडाच्या खाली, दोन खांबांना बांधलेली, भली थोरली. फोटो माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला होता. माझ्या खांद्यावर कुणाचा तरी मेंदी लावलेला हात तसाच राहिला होता. खाली लिहिलेलं, 'आमच्या गावची सुकन्या, सरकारी महाविद्यालयात प्राध्यापिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि माझ्या तिप्पट आकारात, हात जोडलेले, हसरे आमदार. 'आपल्या अथक प्रयत्नांनी गावच्या लेकीला नोकरी मिळवून देणाऱ्या लाडक्या आमदारांचे शतशः आभार.'

कपाळ माझं! सगळ्यात खाली ट्रकवाल्यांच्या मंडळाचं नाव होतं. मी तिथेच उतरले आणि अध्यक्षकाकांचं घर गाठलं.

"काका, त्यांनी काही म्हणजे काही केलेलं नाही."

काका अंगणात ट्रक धूत होते. फार चांगला माणूस. माझ्या शाळेच्या फीसाठी कधीकाळी बाबांच्या मदतीला उभा राहिलेला. "केल्यानी नाय ता माका म्हायत आसा," ते शांतपणे म्हणाले.

"मग आभार कसले?"

"गो बाय, आभार मानूक काम कित्याक जाय? ऑर्डर यायची आसा मगे अजून? आत्ता आभार मानले काय तो आडवो येवचो नाय. नाय मानले आणि मागीर कळलां, तर म्हणतलो, माका इचारलां सुद्धा नाय. आभार आधी मानून ठेवचे आसतत."

मी म्हटलं, काढा तो फलक. काकांचा चेहरा पडला. मंडळाने पदरचं घालून लावला होता. संध्याकाळी बाबा मलाच बोलले, "गावान प्रेमान लावल्यान आणि तू काढूक सांगतंस? लोक काय म्हणती?" लोकांनी काही म्हटलं नाही. लोक तिठ्यावर थांबून माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते. फलक राहिला, आणि खरं सांगायचं तर येता-जाता मीही बसमधून एकदा बघून घ्यायची.

ऑर्डर आली नाही. पत्र आलं. निवडीबाबत तक्रार असल्यामुळे चौकशी होईपर्यंत नेमणूक थांबवली आहे, पणजीला हजर राहा.

चौकशी अधिकारी सज्जन होते. हे मी उपरोधाने म्हणत नाही. त्यांनी मला बसायला कदेल दिली, पाणी दिलं, आणि तक्रारीला जोडलेला पुरावा माझ्यासमोर ठेवला. तिठ्यावरचा फोटो. मेंदीचा हात, मी, आमदार, अथक प्रयत्न, शतशः आभार. न निवडलेल्या कुणीतरी उमेदवाराने काढून पाठवला होता. मी त्याला दोष देत नाही. तो फलक वाचून मलासुद्धा वाटलं असतं की बाईचा वशिला भक्कम आहे.

"बाई," ते म्हणाले, "मुलाखतीचे गुण मी पाहिलेत. तुमच्या जवळपास कुणी नाही. बाकीच्यांपैकी कितीजणांसाठी मला फोन आले ते सांगत नाही. तुमच्यासाठी एकही आला नाही. पण लेखी तक्रार तुमच्याच विरुद्ध आहे."

म्हणजे ज्यांनी वशिला लावला ते स्वच्छ, आणि जिने लावला नाही तिचा वशिला तिठ्यावर फ्लेक्स होऊन लटकतो आहे. मी हसू का रडू?

त्यांनीच वाट सांगितली. "आमदारांनी मला एवढंच कळवावं की ह्या निवडीसाठी मी काहीही केलेलं नाही. फोनवर सांगितलं तरी चालेल. त्याच दिवशी फाइल पुढे पाठवतो."

इतकं सोपं! मी जवळजवळ पळतच घरी आले. एका माणसाने खरं तेवढं बोलायचं, की मी काही केलं नाही. आणि त्याने खरोखरच काही केलं नव्हतं. याहून सोपी मागणी त्या व्हरांड्यात कधी कुणी केली नसेल, असं मला वाटलं. इतकं शिकून माणसाची अक्कल कुठे जाते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी व्हरांड्यात. त्या दिवशी गर्दी जरा जास्तच होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी रात्रभर घोकलेलं सगळं नीट सांगितलं. फलक मंडळाने लावला, तक्रार झाली, चौकशी आहे. आपण फक्त एवढंच सांगायचं की माझ्यासाठी आपण काही केलं नाही.

आमदारांनी पेपर खाली ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे हांवें तुजेखातीर कांयच करूंक ना?"

"नाही ना," मी म्हटलं. "तेच तर."

मोरीवाला बघत होता, जावयाचा सासरा बघत होता. आमदारांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला दिसलं ते दुखावलेपण, खरंखुरं. त्यांनी तिठ्यावरचा फलक बघितला होता. मला वाटतं, दोन-तीनदा गाडी हळू करून बघितला असावा. आणि बघता बघता त्यांना खात्री पटली होती, की ह्या चेडवाला नोकरी आपणच दिली.

"गांवचे चेडवाखातीर आमदारान कांय करूंक ना, हें हांव म्हज्या तोंडान सांगूं? ह्या लोकांमुखार?"

"सायबानूं, तसां नाय..." बाबा गडबडीने उठले.

आमदारांनी थांब म्हणून हात वर केला आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. मोठ्या मनाचा माणूस उजळतो तसा. "राव. चिंता करूं नाका. आतांच्या आतां फोन लायतां."

मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी नंबर लावला, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मोठ्याने ठेवला, आणि अधिकाऱ्यांचा आवाज आल्यावर म्हणाले, "साहेब, ती आमच्या गावची मुलगी, कॉलेजची. फलकावरची. ती माझ्या घरच्यासारखी आहे. तिचं काम व्हायलाच पाहिजे. मी स्वतः सांगतोय म्हणून समजा."

"नको! तसं नको!" मी ओरडले. बाबांनी माझा हात घट्ट दाबला.

पलीकडून तो सज्जन आवाज म्हणाला, "ठीक आहे, सर. नोंद घेतो."

आमदारांनी फोन ठेवला आणि चहाचा कप उचलला. "जालें," म्हणाले. जातलें नाही, जालें! व्हरांड्यातली माणसं माझ्याकडे असूयेने बघत होती. जावयाच्या सासऱ्याने तर टाळीच वाजवली. माझ्यासाठी आयुष्यात झालेली पहिली आणि शेवटची शिफारस ती. तोवर तक्रार खोटी होती, त्या एका फोनने ती खरी झाली.

बाबांनी दोन्ही हात जोडले, वाकले. मी कशी बाहेर आले मला आठवत नाही. स्कूटरपाशी पोचल्यावर माझा तोल सुटला. मी वळले, बाबांना सगळं सुनवणार होते: तुम्हाला कळलं का काय झालं, गळा कापला त्याने माझा, तुमच्यासमोर कापला आणि तुम्ही हात जोडलेत. तोंड उघडलं, आणि बाबांचा चेहरा पाहिला.

बाबा स्कूटरच्या सीटवर हात टेकून उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. "आमच्यासमोर फोन केल्यानी गो," ते म्हणाले. "इतक्या लोकांत. घरची म्हणाले तुका." आयुष्यभर धक्क्यावर, वजनकाट्यावर, टायरवाल्याकडे, जिथे गेले तिथे त्यांना रांगेत मागे सर म्हणून सांगण्यात आलं होतं. त्यांच्यासाठी कुणी मोठ्या माणसाने फोन उचलला, असं कधीच घडलं नव्हतं. मी बाबांच्या मागे बसले आणि घरी येईपर्यंत त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिले.

अहवालात लिहिलं गेलं की उमेदवारासाठी लोकप्रतिनिधींनी दूरध्वनी केला. अधिकाऱ्यांचा काय दोष, फोन आलाच होता. निवड रद्द झाली. जागा पुन्हा जाहीर झाली तेव्हा मी वयाच्या अटीबाहेर होते. त्या महाविद्यालयात माझे तासही बंद झाले, कारण कायम माणूस आला. तो चांगलं शिकवतो म्हणे. मुलांना सड्यावर नेतो की नाही, ते मी विचारलं नाही.

बाबा लोकांना सांगतात, "सायबान खूप प्रयत्न केल्यानी. वरच्यांनी होवक दिल्यानी नाय." मग खाणी बंद पडल्या, आमच्या वाड्यावरचे ट्रक दारात उभे राहून गंजले, बाबांचे गुडघे गेले. मी आता एका प्रकल्पावर आहे, तो संपला की दुसऱ्या प्रकल्पावर असेन. निवडणूक आली की बाबा सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून तयार होतात. त्यांना एकट्याला चालवत नाही म्हणून मी स्कूटरवरून नेते. मतदान केंद्राच्या दारात ते माझ्या खांद्याचा आधार घेतात, आणि आत शिरताना दर वेळी कानाशी येऊन हळूच बजावतात, "इसरा नको हां गो. तुज्यासाठी तेनी फोन केल्लो."

"नाही विसरले, बाबा," मी म्हणते.